कॅलिपर जाम झालाय, पण नेमका कुठे? ब्रेक कॅलिपरचे दोष ओळखणं आणि दुरुस्त करणं

गाडी थांबवून खाली उतरलं की एका चाकाजवळ जळका वास येतो. किंवा ब्रेक दाबला की स्टिअरिंग एका बाजूला खेचलं जातं. किंवा पॅड बदलताना दिसतं की डाव्या चाकाचे पॅड पत्र्यापर्यंत आलेत आणि उजव्याचे अजून अर्धे शिल्लक आहेत. तिन्ही तक्रारींवर एकच निदान होतं, 'कॅलिपर जाम', आणि नवा कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, बसवला जातो. पुष्कळदा त्यानंतरही चाक तापतच राहतं, कारण अडकलेलं असतं भलतंच: कोरडी पडलेली पिन, गंजाने फुगलेली पॅडची बैठक, नाहीतर आतून सुजलेला रबरी होज. म्हणून काही सुटं करण्याआधी अडकलंय कुठे ते शोधायचं. त्याला अर्धा तास पुरतो आणि पुढचं सगळं काम त्यावरच ठरतं.

इथली माहिती सरकत्या, म्हणजे फ्लोटिंग कॅलिपरची आहे. बहुतेक प्रवासी गाड्यांना तोच असतो. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या फिक्स्ड कॅलिपरला स्लाइड पिन नसतात, पण पिस्टन, सील आणि हवा काढण्याबद्दलचं सगळं त्यालाही लागू आहे.

आत काय चालतं

पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल होजमधून कॅलिपरमध्ये येतं आणि पिस्टनला बाहेर ढकलतं. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. डिस्क काही बाजूला सरकत नाही, म्हणून कॅलिपरचं अख्खं अंगच दोन पिनांवरून उलट दिशेला सरकतं आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतं. दोन्ही पॅडनी सारखं काम करावं ही जबाबदारी त्या दोन पिनांची.

पाय काढल्यावर पिस्टन मागे कसा येतो, हे समजून घेण्यासारखं आहे. त्याला मागे ओढायला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाचं एक रबरी सील असतं, सिलिंडरच्या खाचेत बसवलेलं. पिस्टन पुढे जाताना सील त्याला धरून ठेवतं आणि थोडं तिरकं होतं. दाब गेला की सील सरळ होतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या एखाद्या अंशाएवढं मागे आणतं. ब्रेक सुटण्याची सगळी भिस्त एवढ्याशा ओढीवर आहे. पिस्टनवर गंजाचा पट्टा आला किंवा पिनेतलं ग्रीस सुकून डिंकासारखं झालं, की ही ओढ कमी पडते आणि पॅड डिस्कला घासत राहतो.

गाडी चालवताना मिळणाऱ्या खुणा

गाडी कोणत्या बाजूला ओढते यापेक्षा कधी ओढते हे आधी पाहा. ब्रेकवर पाय नसतानाही गाडी एका बाजूला जात असेल, तर त्याच बाजूचा कॅलिपर सुटत नसण्याची शक्यता आहे. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, तर दोष बहुधा विरुद्ध बाजूला असतो: गाडी डावीकडे जाते कारण उजवा ब्रेक पकडत नाही. नवशिक्यांची इथे नेहमी गफलत होते आणि धडधाकट बाजूचा कॅलिपर उघडला जातो. टायरमधली हवा आणि चाकांचं अलाइनमेंटही गाडी ओढतं, म्हणून दोन्ही टायरची हवा सारखी करूनच निष्कर्ष काढा.

सपाट रस्त्यावर गिअर न्यूट्रल केल्यावर गाडी लवकर मंदावणं, मायलेज अचानक उतरणं, एकाच रिमवर जास्त काळी पूड साचणं, लांब प्रवासानंतर स्टिअरिंगमध्ये कंप येणं, ही सगळी चिकटलेल्या ब्रेकची लक्षणं. पॅडल स्पंजासारखं मऊ लागणं मात्र वेगळं. त्यात हवा किंवा गळती शोधायची. पॅडल दगडासारखं कडक झालं असेल तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि त्याची व्हॅक्यूम नळी तपासायची. या दोन्हींचा कॅलिपर चिकटण्याशी संबंध नाही.

उष्णता मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर फार उपयोगी पडतो. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, शेवटचं अंतर शक्य तितका कमी ब्रेक वापरून काटा आणि लगेच चारही डिस्कचं तापमान घ्या. पुढच्या डिस्क मागच्यांपेक्षा जास्त तापणं स्वाभाविक आहे. तुलना डाव्या-उजव्याची करायची. एक ६० अंश सेल्सिअस आणि दुसरी १५० असेल, तर दोषी चाक सापडलं. थर्मामीटर नसेल तर रिमजवळ तळहात धरून ऊब ताडून पाहा, पण डिस्कला किंवा कॅलिपरला हात लावू नका. चिकटलेला ब्रेक सहज कातडी सोलेल इतका तापतो.

जॅकवर चढवून निदान

सपाट, कठीण जमिनीवर गाडी उभी करा. जे चाक उचलायचं नाही त्याच्या पुढेमागे ठोकळे लावा. चाकाचे नट जमिनीवरच अर्धा आटा ढिले करा, मग जॅक लावा आणि गाडीचं वजन जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीजवळ हे काम करू नका, अगदी दोन मिनिटांसाठीही नाही.

१. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. चाक हाताने फिरवा. पॅडचा हलका 'स्स' आवाज चालतो. चाक ढकलल्यावर स्वतःहून फेरी-अर्धी फेरी फिरायला हवं. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढच्या चाकांना गिअरबॉक्सचाही थोडा अडथळा जाणवतो, म्हणून दुसऱ्या बाजूचं चाक फिरवून तुलना करा.

२. मदतनिसाला ब्रेक दोन-तीनदा जोरात दाबून सोडायला सांगा आणि लगेच चाक फिरवा. ते घट्ट असेल तर तसंच राहू द्या. आता खरी चाचणी.

३. कॅलिपरच्या ब्लीडिंग निपलवर (हवा काढायच्या छोट्या तोटीवर) पारदर्शक नळी चढवून तिचं टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव आटा उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष आहे. दाब आत कोंडला होता. निपल उघडूनही चाक तितकंच घट्ट राहिलं, तर अडथळा यांत्रिक आहे: पिस्टन, पिना किंवा पॅडची बैठक.

४. दाब कोंडला असेल तर तो कुठे, हे बघायचं. निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबून सोडा. आता रबरी होज जिथे धातूच्या नळीला मिळतो तो सांधा किंचित ढिला करा. चाक सुटलं नाही, पण निपल उघडल्यावर सुटलं, तर होज आतून बुजलाय. इथेच चाक सुटलं, तर दाब त्याच्याही वर, मास्टर सिलिंडरच्या (पॅडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या भागाच्या) बाजूला अडतोय. तेव्हा सहसा एकापेक्षा जास्त चाकं घासत असतात. हा सांधा मोकळा करायला साधा पाना नको, नळीच्या नटासाठी मिळणारा फ्लेअर पाना वापरा. मऊ धातूचा नट साध्या पान्याने गोल होतो आणि मग अख्खी नळी बदलावी लागते.

होज आतून बुजतो म्हणजे काय? बाहेरून तो ठीक दिसतो, पण आतलं रबर सुजून किंवा सोलून झडपेसारखं वागतं. पायाच्या जोराने ऑइल आत जातं. परत येताना मात्र मागे सीलची तेवढीशी ओढ असते, ती झडप उघडू शकत नाही. असा होज बदलायचाच. होज डावा-उजवा जोडीने बदलावा, कारण दोन्हींचं वय सारखंच असतं.

पॅड काय सांगतात

चाक काढलं, कॅलिपर उचलला, की आधी दोन्ही पॅड शेजारी-शेजारी ठेवा. नव्या पॅडचा घर्षण-थर बहुधा १० ते १२ मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटरवर आला की बदलायचा. आता झीज कशी झाली ते बघा.

बाहेरचा पॅड जास्त झिजलेला असेल तर पिना अडकल्या आहेत. कॅलिपर पुढे ओढला जातो, पण परत सरकत नाही, आणि बाहेरचा पॅड डिस्कवर लटकून राहतो. आतला पॅड जास्त झिजला असेल तर दोन शक्यता: पिस्टन मागे येत नाही, किंवा पिना इतक्या घट्ट आहेत की सगळं काम आतला पॅड एकटाच करतोय. दोन्हींतला फरक हाताला कळतो. कॅलिपर ब्रॅकेटवर (तो ज्या पक्क्या चौकटीवर बसतो तिच्यावर) असतानाच त्याला आत-बाहेर सरकवून पाहा. हाताच्या जोराने सरकत असेल तर पिना ठीक, संशय पिस्टनवर.

पॅड पाचरीसारखा झिजलाय, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ? मग बहुधा दोनपैकी एकच पिन अडकली आहे, किंवा पॅडचा एक कान (टोकाचा पुढे आलेला भाग) बैठकीत रुतलाय. पॅडवर ऑइल झिरपून तो काळपट, ओशट झाला असेल तर धुऊन उपयोग नाही. घर्षण-थर ऑइल शोषून घेतो आणि तापला की ते पुन्हा वर येतं. असे पॅड टाकून द्या, आणि नवे घालण्याआधी गळती बंद करा.

हाताशी काय लागेल

ब्रेक क्लीनरचा डबा, सिलिकॉन किंवा सिंथेटिक कॅलिपर ग्रीस, तारेचा ब्रश, सपाट कानस, सी-क्लॅम्प, टॉर्क रेंच, कॅलिपर लटकवायला तार, निपलसाठी सहा बाजूंचं सॉकेट, पारदर्शक नळी आणि बाटली. पिस्टन उघडणार असाल तर तुमच्या कॅलिपरच्या पिस्टन-व्यासाचा सील किट आणि बॅन्जो बोल्टसाठी (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टसाठी) दोन नवे वॉशर. सुरक्षा चष्मा आणि हातमोजे तर हवेतच.

ग्रीसची निवड हलक्यात घेऊ नका. बेअरिंगचं साधं पेट्रोलियम ग्रीस पिनेला लावलं तर आतलं रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन पहिल्यापेक्षा घट्ट होते. कॉपर ग्रीसही पिनांसाठी नाही.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकॉल प्रकारची आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं आहे आणि ते यांच्यात मिसळायचं नाही. ग्लायकॉलचं ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी मुरल्यावर त्याची हमी १५५ अंशांवर येते. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलतात, आणि म्हणूनच उघडी राहिलेली जुनी बाटली वापरायची नसते. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलतो. लगेच भरपूर पाण्याने धुवा.

काम पहिलं: स्लाइड पिना

चिकटलेल्या कॅलिपरमध्ये सर्वात आधी तपासायची जागा हीच, आणि दुरुस्तीही सर्वात सोपी.

पिनांचे बोल्ट काढा, कॅलिपर उचला आणि तारेने स्प्रिंगला किंवा सस्पेन्शनच्या भागाला लटकवा. होजवर लोंबकळू देऊ नका. बाहेरून काही दिसत नाही, पण आतल्या थरांना तडे जातात. पिना एकेक करून ओढा आणि कोणती वरची, कोणती खालची ते टिपून ठेवा. बऱ्याच गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतं आणि दुसरी सबंध धातूची असते. त्यांची अदलाबदल झाली की कॅलिपर पुन्हा अडकतो, आणि नुकतंच काम झालेलं असल्याने पिनेवर कोणी संशयही घेत नाही.

पिन बोटांत फिरवून नीट पाहा. चांगली पिन गुळगुळीत आणि एकसारखी चमकदार असते. तपकिरी डाग, खड्डे किंवा नखाला अडणारी धार असेल तर नवी घ्या. पॉलिश पेपरने घासून वरचा लेप गेला की ती आणखी लवकर गंजते. पिनेच्या भोकातलं जुनं ग्रीस बारीक गोल ब्रश आणि क्लीनरने पूर्ण काढा आणि भोक सुकू द्या. पिनेच्या रबरी बुटाला चीर असेल तर बूट बदला. पाणी तिथूनच आत गेलेलं असतं.

आता पिनेवर ग्रीसचा पातळ थर लावा, बोटावर येईल तेवढाच. भोक ग्रीसने भरलं तर पिन आत जाताना हवा आणि ग्रीस कोंडतं आणि पिन स्प्रिंगसारखी बाहेर येते. बूट पिनेच्या खाचेत नीट बसवा, त्याला हलकं चिमटून कोंडलेली हवा काढा. पिन दोन बोटांनी आत-बाहेर व्हायला हवी.

काम दुसरं: पॅडची बैठक

ब्रॅकेटवर पॅडच्या कानांसाठी ज्या बैठका असतात, त्यांवर स्टीलच्या पातळ क्लिपा असतात. गंज या क्लिपांच्या खाली धरतो, फुगतो आणि क्लिपेला वर उचलतो. बैठक अरुंद होते आणि पॅड पाचर मारल्यासारखा बसतो. वरून सगळं स्वच्छ दिसत असल्याने हा दोष पुष्कळांच्या नजरेतून सुटतो.

क्लिपा काढा, खालचा गंज तारेच्या ब्रशने आणि कानशीने धातू दिसेपर्यंत काढा. गंज घासायचा, ब्रॅकेटचा धातू नाही. नव्या पॅडबरोबर बहुधा नव्या क्लिपा मिळतात, त्या वापरा. पॅड हाताने सरकायला हवा. हातोडीने ठोकून बसवलेला पॅड सुटणार नाही. कानांना आणि पॅडच्या पाठीवर पिस्टन टेकतो तिथे ब्रेकसाठीच्या ग्रीसचा पुसट हात द्या. घर्षणाच्या बाजूला एक ठिपकाही नको.

साफसफाई करताना पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. क्लीनरने ओली करून पुसून घ्या. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाजवळ वेल्डिंग किंवा ज्योत नेऊ नका, त्यातून विषारी फॉस्जिन वायू तयार होतो.

काम तिसरं: पिस्टन

पिना आणि बैठका मोकळ्या आहेत, तरी ब्रेक चिकटतोय. आता पिस्टन. डस्ट बूट (पिस्टनच्या तोंडाभोवतीचं रबरी आवरण) बघा: फाटलंय का, आत ओल किंवा तपकिरी चिखल आहे का? मग पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू आत दाबा. दाबण्याआधी निपलवर नळी लावून ते उघडा. त्याने तळाचं मळकं ऑइल मागे एबीएस युनिटकडे (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडे) न जाता बाटलीत जातं आणि टाकीही उतू जात नाही. क्लॅम्प सोडण्याआधीच निपल बंद करा, नाहीतर हवा आत येईल. निरोगी पिस्टन हाताच्या बेताच्या जोराने, एकसारखा आत जातो. अडखळत, टकटक करत किंवा तिरका जात असेल तर तो उघडायची वेळ आली आहे.

पॅड बदलल्यावर आठवड्याभरात कॅलिपर चिकटायला किंवा गळायला लागला, अशी तक्रार फार ऐकू येते. दोष नव्या पॅडचा नसतो. जुने पॅड झिजत गेले तसा पिस्टन बाहेर येत गेला, फाटक्या बुटामुळे बाहेरच्या भागावर गंज धरला, आणि नव्या पॅडसाठी पिस्टन आत ढकलला तेव्हा तो खरखरीत भाग थेट सीलमध्ये गेला. म्हणून आत ढकलण्याआधी बूट उचलून पिस्टनचा काठ बघायची सवय लावून घ्या.

पिस्टन उघडण्याची पद्धत:

होज जोडलेला असतानाच, सिलिंडर आणि कॅलिपरच्या बाहेरच्या, बोटांसारख्या भागामध्ये लाकडी फळी ठेवून मदतनिसाला पॅडल हळू दाबायला सांगा. पिस्टन बाहेर येत फळीला टेकला की थांबा. मग बॅन्जो बोल्ट सोडा, होजच्या तोंडाला स्वच्छ टोपी लावा. टाकीतलं ऑइल संपूर्ण निथळू देऊ नका, नाहीतर हवा एबीएस युनिटमध्ये शिरते आणि ती काढायला गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो.

राहिलेला पिस्टन हाताने निघाला नाही, तर होजच्या भोकातून हवेचा दाब द्या, पण अगदी कमी दाबाने सुरुवात करून, फळी जागेवर ठेवून आणि बोटं लांब ठेवून. पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि मध्ये आलेलं बोट चिरडतं. पिस्टनला पकडीने धरून फिरवायचं नाही. पकडीचा एक ओरखडा पुरतो गळतीला.

पिस्टन पुसून उजेडात फिरवा. सील त्याच्याच पृष्ठभागावर घासतं, म्हणून निकष कडक ठेवा: खड्डा, सोललेला क्रोम, नखाला लागणारी रेघ दिसली तर पिस्टन बदलायचा. फेनॉलिक, म्हणजे प्लास्टिकसारख्या पिस्टनला कडेला तडा किंवा टवका असेल तर तोही गेला. सिलिंडरच्या भिंतीवर पुसट डाग चालतात, कारण सील तिच्यावर घासत नाही. सीलची खाच मात्र पूर्ण स्वच्छ हवी. तिच्यात गंज साचला की सील आतून दाबलं जातं आणि पिस्टन आवळतं. खाच खोल खाल्लेली असेल तर कॅलिपर बदला, तिथे सील किट टिकत नाही.

जुनं सील लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने काढा. स्क्रूड्रायव्हरने खाचेला चर पडतो. धुण्यासाठी ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट. पेट्रोल, डिझेल, रॉकेल अजिबात नको, त्यांनी रबर फुगतं. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवा आणि बोट फिरवून ते कुठे पिळलं गेलं नाही ना ते बघा. डस्ट बूट गाडीच्या रचनेप्रमाणे आधी पिस्टनवर किंवा आधी सिलिंडरच्या काठावर बसतं. पिस्टनला ऑइल लावून सरळ ठेवा आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबा. सीलपाशी थोडा विरोध, मग एक मऊ सरक, आणि तो आत जातो. तिरका झाला तर जोर लावू नका, बाहेर काढून पुन्हा सरळ धरा.

एका बाजूचा पिस्टन गंजला असेल तर दुसऱ्या बाजूचाही उघडून बघावा. कॅलिपर एकच बदलला तरी चालतो, पण पॅड आणि डिस्क नेहमी त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांच्या एकत्र बदला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मापून त्याखाली असेल तर ती वापरू नका. दीर्घकाळ चिकटलेल्या ब्रेकखालची डिस्क निळसर झालेली किंवा बारीक तडे गेलेली असू शकते.

मागचा कॅलिपर वेगळा

ज्या मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असतो, त्याचा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबायचा नाही. आत आट्यांची यंत्रणा असते, ती तुटते. पिस्टनच्या तोंडावरच्या खाचांत बसणाऱ्या टूलने तो फिरवत आत न्यावा लागतो, बहुतेक घड्याळाच्या दिशेने. काही गाड्यांत एका बाजूला उलट. शेवटी पॅडच्या पाठीवरची खुंटी पिस्टनच्या खाचेत येईल असा तो थांबवा.

चाक घासत असेल तर आधी हँडब्रेक सोडून कॅलिपरवरचा लिव्हर त्याच्या थांब्याला टेकतोय का पाहा. टेकत नसेल तर केबल सोडून बघा. लिव्हर लगेच मागे गेला तर केबल अडकली आहे. तसाच राहिला तर लिव्हरचा दांडा कॅलिपरमध्ये गंजलाय. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोड लावल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका.

बसवणं आणि हवा काढणं

कॅलिपर बसवल्यावर निपल सर्वात वर आलं पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर उलटसुलट बसला तर निपल खाली येतं, वर अडकलेली हवा कधीच निघत नाही आणि कितीही ऑइल ओतलं तरी पॅडल मऊच राहतं. बॅन्जो बोल्टला होजच्या दोन्ही बाजूंना एकेक नवा वॉशर. होजला पीळ नसावा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून तो कुठे घासत नाही ते बघा.

बोल्ट किती आवळायचे ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. अंदाज यावा म्हणून: पिनांचे बोल्ट बहुधा २५ ते ३५ न्यूटन-मीटर, बॅन्जो २५ ते ४०, निपल जेमतेम ८ ते १२, आणि ब्रॅकेटचे बोल्ट ८० च्या वर. निपल अति आवळलं की मोडतं. गंजलेलं निपल उघडताना आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा, आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा, मग उलट.

हवा काढताना टाकी भरलेली ठेवा. निपलवरची नळी बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेली हवी. मदतनीस पॅडल दाबून धरतो, तुम्ही निपल पाव आटा उघडता, बुडबुडे निघतात, तुम्ही निपल बंद करता, आणि मगच तो पाय सोडतो. हा क्रम चुकला की काढलेली हवा परत आत. जुन्या गाडीत पॅडल पार तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरचा एरवी न वापरला जाणारा भाग गंजलेला असतो आणि त्यावरून जाताना सील फाटतं. पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला की काम भागतं. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. एकच कॅलिपर उघडला असेल तर तेवढ्याचीच हवा काढून सहसा भागतं. चारही चाकांचं ऑइल बदलायचं असेल तर अर्धा ते एक लिटर लागतं आणि चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे.

गाडी हलवण्याआधी

इंजिन सुरू न करता पॅडल पंप करा, कडक होईपर्यंत. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात. हे विसरून गाडी काढली तर पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो. मग इंजिन सुरू करून पॅडल मिनिटभर घट्ट दाबून ठेवा आणि बॅन्जो, निपल, नळीचे सांधे टॉर्चने बघा. पॅडल हळूहळू खाली जात असेल तर गाडी हलवायची नाही.

नवे पॅड असतील तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत बेताच्या जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर सोडून. नंतर पाच-दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवून थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं की पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पॅडलला कंप येतो.

परत आल्यावर डाव्या-उजव्या डिस्कचं तापमान पुन्हा घ्या आणि सुरुवातीच्या आकड्यांशी ताडून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतली पातळी बघा, कॅलिपरखाली कोरडा कागद ठेवून डाग पडतो का ते तपासा, आणि शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा आवळून घ्या.